शाप: अर्थ, उगम आणि वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'शाप' हा शब्द आपण निबंधाच्या वहीपासून ('विज्ञान: शाप की वरदान?') भांडणाच्या ओट्यापर्यंत सगळीकडे वापरतो. शाळेत मराठी शिकवताना या शब्दावर मुलं जितके प्रश्न विचारतात तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दावर विचारत असतील. मोठी माणसंही विचारतात, फक्त थोडा आवाज खाली करून. त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

शाप म्हणजे नेमकं काय? शिवी आणि शाप यांत फरक कुठे?

शिवी समोरच्याला आत्ताच्या आत्ता काहीतरी ठरवून मोकळी होते: गाढव, नालायक, हरामखोर. शाप पुढचं मागतो. 'तुझं वाटोळं होवो' म्हणणारा माणूस ते वाटोळं स्वतः करायला जात नाही. देवाने, दैवाने, काळाने, कुणीतरी ते करावं असं तो म्हणतो. शिवी दोघांत भागते. शापाला मात्र तिसरं कुणीतरी लागतं, ऐकणारं आणि मनावर घेणारं. म्हणून शाप देणाऱ्याची नजर बघा: शिवी देताना ती समोरच्यावर असते, शाप देताना आभाळाकडे जाते किंवा हात जमिनीवर आपटला जातो.

बोलताना दोन्ही एका दमात येतात, त्यामुळे 'शिव्याशाप' असा जोडशब्द झाला.

हा शब्द आला कुठून?

संस्कृतातल्या 'शप्' या धातूपासून. पाणिनीच्या धातुपाठात त्याचा अर्थ दिला आहे 'आक्रोशे'. संस्कृतात आक्रोश म्हणजे निंदा करणं, वाईट चिंतून ओरडणं. मराठीत आक्रोश म्हणजे ऊर बडवून रडणं. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ जवळजवळ ठेवून पाहावेत असं मला नेहमी वाटतं, कारण आपल्याकडचे बरेचसे शाप रडता रडताच दिलेले असतात.

याच धातूपासून 'शपथ' आली. हे ऐकून मुलं चमकतात. शाप दुसऱ्याला, शपथ आपल्याला, मग मूळ एक कसं? शपथ म्हणजे स्वतःवर अटीने घालून घेतलेला शाप, एवढं लक्षात घेतलं की कोडं सुटतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या १०४व्या सूक्तात एक विलक्षण ऋचा आहे. बोलणाऱ्यावर चेटक्या असल्याचा आळ आला आहे. तो म्हणतो, 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि', मी चेटक्या असेन तर आज मरून जाईन. ही झाली शपथ. आणि त्याच ऋचेच्या उत्तरार्धात तो म्हणतो, जो मला खोटंच चेटक्या म्हणतो तो आपल्या दहा पुत्रांना मुको. हा झाला शाप. एका ऋचेचे दोन अर्धे, एका धातूच्या दोन लेकी.

अथर्ववेदात तर 'शपथ' हा शब्दच शाप या अर्थाने येतो. दुसऱ्या कांडात शपथ, म्हणजे शाप, दूर सारणाऱ्या वनस्पतीला उद्देशून अख्खं सूक्त आहे. 'वचन' हा अर्थ पुढे ठळक झाला.

मग 'आईची शप्पथ' म्हणणं म्हणजे आईला शाप देणं का?

मुळात, हो: खोटं बोललो तर आईला काही होवो. म्हणून तर खेळताना कुणी आईची शपथ घातली की दुसरा कासावीस होतो आणि 'शप्पथ सुटली म्हण, आधी सुटली म्हण' म्हणून मागे लागतो. सुटली म्हटल्याशिवाय तो घरी जायला तयार नसतो. माझ्या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा याच कारणासाठी मधल्या सुट्टीत रडत बसला होता, कारण शपथ घालणारी मुलगी त्या दिवशी लवकर घरी गेली होती. त्याला आम्ही हसलो नाही. तिच्या घरी फोन लावून दिला, तिने 'सुटली' म्हटलं आणि तो डबा खायला बसला.

'आयच्यान' हे 'आईची आण'चं झिजलेलं रूप. आण म्हणजे शपथच.

'शाप' बरोबर की 'श्राप'? आणि 'अभिशाप'?

मराठीत शाप. 'श्राप' हे हिंदी बोलण्यातलं रूप आहे, मालिकांमुळे ते आपल्याकडे शिरलं आहे. खेड्यात 'सराप', 'शराप' म्हणतात, कोकणीत 'शिराप'. ही बोलीची रूपं अस्सल आहेत, त्यांना चूक म्हणू नये. 'अभिशाप' जपून वापरावा. संस्कृतात त्याचा एक ठळक अर्थ 'आळ' असा आहे. स्यमंतक मणी चोरल्याचा जो खोटा आळ कृष्णावर आला, तो 'मिथ्याभिशाप'. नुसत्या शापासाठी मराठीत तो उगाच जड होतो.

उःशाप म्हणजे काय?

शापातून सुटण्याची सांगितलेली वाट. विसर्गासह 'उःशाप' असं लिहितात. 'उश्शाप' असंही लिहिलेलं दिसतं. उच्चारात विसर्ग ठसठशीत आला पाहिजे, नाहीतर 'उशाप' होतं.

गोष्टींतले शाप सहसा मागे घेता येत नाहीत, त्यांना फक्त मुदत किंवा अट लावता येते. दुर्वासाने शकुंतलेला शाप दिला, मैत्रिणीने पाय धरले, तेव्हा तो म्हणाला, ओळखीचा दागिना दाखवला की शाप संपेल. मूळ महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत हा शापच नाही, तो कालिदासाने घातला. तिथे दुष्यंत ओळखत असूनही नाकारतो. शाप आणून कालिदासाने राजाचा दोष दुर्वासाच्या माथी मारला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि शकुंतलेसाठी वाईट वाटतं.

त्याच कवीच्या मेघदूतातला यक्ष तर आपल्याला अधिक जवळचा, कारण तो शाप भोगतो रामगिरीवर, आणि परंपरा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक मानते. कुबेराने त्याला वर्षभर घरापासून तोडलं आहे. आषाढाच्या पहिल्या दिवशी त्याला ढग दिसतो. पत्नीला तो निरोप धाडतो की विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा माझा शाप संपेल, तेवढे चार महिने डोळे मिटून काढ. विष्णू उठतो तो दिवस म्हणजे कार्तिकी एकादशी. वारकऱ्याच्या घरात आषाढी-कार्तिकी हे शब्द ऐकत वाढलेल्या माणसाला ही मुदत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

उःशाप शब्दांतूनच द्यावा लागतो असंही नाही. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, आणि पुढे जिजाऊंनी बाल शिवाजीराजांच्या हातून सोन्याच्या नांगराने तीच भुई नांगरून घेतली, ही कथा महाराष्ट्रात परंपरेने सांगतात. गाढवाचा नांगर हा न बोललेला शाप होता. सोन्याचा नांगर हा त्यावरचा उःशाप.

मराठीत लिहिलेला सर्वांत जुना शाप कुठे सापडतो?

दगडावर. शिलाहार राजांच्या काळापासून कोकणात आणि इतरत्र जे दानलेख कोरले गेले त्यांत जुन्या मराठीचे नमुने आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या शेवटी शाप आहे. मुंबईत परळला सापडलेला अपरादित्य राजाचा लेख शके ११०८चा, म्हणजे इ.स. ११८७चा. मुख्य मजकूर संस्कृतात आहे. पण शेवटी, जिथे धमकी सगळ्यांना कळायला हवी, तिथे भाषा मराठी होते: 'जो कोणु हुवि ए शासन लोपी', जो कोणी ही आज्ञा मोडील, त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथ देवाची 'भाल', म्हणजे देवाचा कोप, पडे. त्यानंतरचं वाक्य त्याच्या आईला आणि गाढवाला धरून आहे, इतकं उघडं की इथे लिहवत नाही.

ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी तेच चित्रात कोरलेलं असतं. अशा दगडाला 'गद्धेगाळ' म्हणतात. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिको. मध्ये लेख. खाली गाढव आणि बाई. महाराष्ट्रात आणि गोव्यात असे कितीतरी दगड शेताच्या बांधावर, देवळाच्या मागे, पाराखाली पडले आहेत. काहींना लोकांनी शेंदूर फासून देव केलं आहे.

शिवी पुरुषाला द्यायची आणि विटंबना त्याच्या आईची करायची, ही रीत आठशे वर्षं जुनी आहे आणि आजही रस्त्यावर ऐकू येते. याचा मला मनापासून राग येतो, तो इथे नोंदवून ठेवते.

राजाला शापाची गरज का पडावी? त्याच्याकडे सैन्य आहे, शिक्षा आहे. कारण दान 'आचंद्रार्क' दिलेलं असतं आणि राजा तर मरणार असतो. त्याच्यामागे येणारा राजा ती जमीन हिसकावील तेव्हा त्याला अडवणारं कुणी नसेल. ताम्रपटांवर हेच काम एक संस्कृत श्लोक करतो: स्वतः दिलेली असो वा दुसऱ्याने, जमीन जो हिरावतो तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो. जिथे आपला हात पोचणार नाही तिथे शाप ठेवायचा, ही शापाची खरी जागा. राजाच्या बाबतीत ती जागा भविष्यकाळात होती. गरिबाच्या बाबतीत ती दाराबाहेरच असते.

तळतळाट, हाय आणि शाप एकच का?

नाही, आणि या एका प्रश्नासाठी मी बाकीचे सगळे सोडून द्यायला तयार आहे.

क्रियापदं बघा. शाप 'देतात'. तळतळाट कुणी देत नाही. तळतळाट 'लागतो', नाहीतर 'घेतला' जातो. 'गरिबाचा तळतळाट घेऊ नको' असं आपण म्हणतो, तेव्हा कर्ता कोण आहे? ज्याने अन्याय केला तो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने एक शब्दही उच्चारलेला नसतो. तळतळणं म्हणजे आतल्या आत जळणं, त्या जळण्याची धग दुसऱ्याला लागते, एवढंच भाषा म्हणते.

ऋषीच्या शापामागे तप असतं. परशुरामाचं वर्णन 'शापादपि शरादपि' असं करतात: शापानेही मारील, बाणानेही. त्याच्याकडे दोन्ही पर्याय होते. तळतळाट ज्याच्याकडून निघतो त्याच्याकडे एकही नसतो. सावकाराने जमीन लिहून घेतलेला शेतकरी, भावांनी सही घेऊन वाट्यातून काढलेली बहीण, सहा महिने काम करून पगार न मिळालेली घरकामाची बाई. त्यांचा शब्द पंचायतीत चालत नाही, कोर्टाचा खर्च झेपत नाही. मराठीने त्यांच्यासाठी हा वेगळा शब्द घडवून ठेवला आणि त्याचं ओझं घेणाऱ्याच्या नावावर मांडलं.

'हाय लागणे' याच कुळातलं. 'हाय खाणे' मात्र वेगळं, त्याचा अर्थ धसका घेऊन खचून जाणं.

शापाचं वाक्य व्याकरणात कसं बनतं?

क्रियापदाला 'ओ' किंवा 'वो' लावून: होवो, जळो, पडो, मरो, फुटो. हा तृतीयपुरुषी आज्ञार्थ. आशीर्वादाचं व्याकरणही अगदी हेच. 'तुझं कल्याण होवो' आणि 'तुझं तळपट होवो' यांत फक्त एक नाम बदलतं. पसायदान याच रूपावर उभं आहे: सांडो, वाढो, पडो, जावो, लाहो. परळच्या लेखात 'पडे' होतं ते देवाच्या कोपासाठी, शंभर वर्षांनी ज्ञानेश्वरांनी 'पडो' वापरलं ते मैत्रासाठी. तुकोबांच्या 'जळो जिणें लाजिरवाणें'मध्ये तर कुणा माणसाला काहीच मागितलेलं नाही, एका जगण्याच्या रीतीला जळायला सांगितलं आहे.

कशाने मरो, हे त्या त्या काळाच्या भीतीवर ठरत आलं. जुन्या बायकांच्या तोंडी 'पटकी येवो', 'मरीआई नेवो' असे शाप असत. पटकी म्हणजे कॉलरा. 'काय वाखा आलाय' मधला वाखाही तोच. रोग गेला, शब्द राहिला, आणि आता वाखा म्हणजे नुसतं संकट.

'मेल्या' हा शाप आहे का?

शब्दाने हो, वापराने क्वचितच. 'मेल्या, किती दिवसांनी आलास!' यात मरण कुठेच नाही. कोकणात आणि बायकांच्या जुन्या बोलण्यात 'मेला', 'मेली', 'जळ्ळं मेलं' हे लाडाने, चिडून, दमून, सगळ्या सुरांत येतात. कुणी म्हटलं आणि कसं म्हटलं हे ऐकावं. परक्या माणसाला मात्र म्हणू नये.

'कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही' ही म्हण केव्हा वापरतात?

क्षुद्र माणसाने वाईट चिंतल्याने चांगल्याचं काही बिघडत नाही, अशा वेळी. कुणी घाबरलेलं असेल तर धीर द्यायला ही म्हण फार उपयोगी पडते. पण तळतळाटाला ती लावू नये. फसवलेल्या माणसाला कावळा ठरवून आपण गाय होणं बरं नाही.

संध्याकाळी अभद्र बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, असं का सांगतात?

शब्द ऐकणारं कुणीतरी आहे, ही जी शापामागची धारणा, तीच इथे घराला लावली आहे. त्या धारणेने मराठीला फार सुंदर शब्द दिले. आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात. दिवा विझवत नाहीत, मालवतात. माझा वास्तूच्या तथास्तुवर विश्वास नाही, तरी मी 'येतो'च म्हणते.

करणी, मूठ, भानामती म्हणजे शापच का?

नाही. शाप उघड असतो, तोंडावर किंवा देवापुढे दिलेला. करणी, मूठ मारणं, चेटूक यांत लपून काही क्रिया केली अशी समजूत असते: लिंबू, बिब्बा, बाहुली. कपडे आपोआप पेटणं, घरावर दगड पडणं अशा प्रकारांना मराठवाड्यात भानामती म्हणतात.

आणि इथे शब्द जीव घेतात. गावात कुणाचं मूल आजारी पडलं की एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवलं जातं, मग तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढले, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर आधी अध्यादेश म्हणून आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे.

'असं केलं नाहीस तर देवाचा कोप होईल' अशी धमकी दिली तर?

तोही गुन्हा ठरू शकतो, आणि हे नवं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते ३५४ आहे: दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला किंवा न करायला लावणं. जुन्या कलमाखाली दिलेलं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे: एखाद्याच्या दारात 'धरणं' धरून बसणं. येणेकरी उपाशीपोटी दारात बसायचा, तो तिथे मेला तर पाप घरमालकाच्या माथी. आजच्या आंदोलनातलं धरणं याच शब्दातून आलं, शापाची धार तेवढी गळून गेली.

शाप खरंच लागतो का?

नाही. शब्दाने कुणाला ताप येत नाही, पीक बुडत नाही. 'पितृशाप आहे, सर्पशाप आहे' असं सांगून विधीचे पैसे काढणाऱ्यापासून दूर राहा, आणि आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्या.

कुष्ठरोगाचं उदाहरण पुरेसं आहे. पिढ्यानपिढ्या त्याला मागच्या जन्माचा शाप म्हणून माणसं वेशीबाहेर टाकली. १८७३ मध्ये हॅन्सेनने त्याचा जंतू दाखवला. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तिथे याच माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली. आज गोळ्यांनी तो रोग बरा होतो. तेव्हा 'शापित' हा शब्द गाण्याच्या मैफलीत हुकलेल्या गंधर्वाला खुशाल लावा. मूल नसलेल्या बाईला, अपंग मुलाला, कोड आलेल्या माणसाला तो कधीच लावू नका.

रागात माझ्या तोंडून शाप निघून गेला. आता काय करू?

पुराणात कल्माषपाद राजाची गोष्ट आहे. वसिष्ठांना शाप द्यायला त्याने ओंजळीत पाणी घेतलं, राणीने हात धरला. पाणी तर घेतलेलं. जमिनीवर टाकलं तर पीक जळेल, म्हणून त्याने ते स्वतःच्या पायांवर ओतलं आणि पाय काळेठिक्कर पडले.

आपल्याला इतकं करावं लागत नाही. माझ्या आजीने एकदा परसातले फणस चोरणाऱ्याच्या नावाने आठवडाभर बोटं मोडली होती. 'हात झडो मेल्याचे', रोज सकाळी, कडाकडा. मग कळलं, फणस शेजारच्या घरातल्या पोराने नेले होते, आणि तो पावसात भिजून तापाने पडला होता. घरात त्याच्या खायची मारामार होती, हेही तेव्हाच कळलं. त्या संध्याकाळी आजी पदराखाली मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन त्यांच्या घरी गेली. मी बरोबर होते. तिने तीन वेळा उतरून ते चुलीत टाकलं. मग त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आपल्या कानशिलावर नेले आणि तीच बोटं पुन्हा कडाकडा मोडली. जाताना पोराच्या आईला म्हणाली, 'उद्या डॉक्टरकडे ने, पैसे मी देते. आणि फणस पिकलाय, गरे काढून पाठवते.'